सोळा वर्षं ‘हेल्पर’: शिरोलीतल्या एका कोअर शॉपचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉपचे सुपरवायझर मे २०२२ मध्ये निवृत्त झाले. ती जागा नीट भरायला जानेवारी २०२४ उजाडला. मधल्या वीस महिन्यांत काय घडलं ते मी जवळून पाहिलं. मी कामगार कायदा शिकवते आणि या कारखान्याच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य आहे. कारखान्याचं किंवा माणसांचं नाव इथे देणार नाही. ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं त्यांना सगळं कोअर शॉप ‘अक्का’ म्हणतं, मीही तेच म्हणेन. समितीपुढे आलेल्या कुठल्याही तक्रारीशी याचा संबंध नाही.

आधी कोअर म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पंपाची बॉडी ओतायची तर बाहेरचा आकार मोल्डमधून मिळतो. आतली पोकळी आणि पाण्याच्या वाटा यांसाठी मात्र वाळूचा वेगळा गाभा करून मोल्डमध्ये बसवावा लागतो. तो कोअर. हातकामात वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून ती कोअर बॉक्समध्ये ठासतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडून कडक करतात. शेल मशीनवर रेझिन लावलेली वाळू तापलेल्या बॉक्समध्ये जाते. पुढे पेंट, वाळवणं, कडा घासणं. कोअरमध्ये ओल राहिली तर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड आत येताच गॅस होतो आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या मालाच्या, पोटात ब्लोहोल पडतं. बाहेरून माल ठणठणीत दिसतो. ग्राहकाकडे मशिनिंग सुरू झालं की भोक उघडं पडतं आणि अख्खा लॉट परत येतो.

मस्टरवरचा शब्द

कारखान्यात साधारण दीडशे माणसं. त्यांत बायका २८. दोघी ऑफिसात, बाकी सव्वीसजणी कोअर शॉप आणि फिनिशिंगमध्ये, सगळ्या ठेकेदाराकडून. नागाव, टोप, हालोंडी, हेर्ले इथून वडापने, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपने, यायच्या. कोअर शॉपमध्ये त्या एकोणीस होत्या आणि पुरुष नऊ. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, पुरुषांपुढे ‘ऑपरेटर’ लिहिलेलं, बायकांपुढे ‘हेल्पर’. ऑपरेटरला कुशल-अर्धकुशलचा दर, हेल्परला अकुशलचा.

मी कारण विचारलं तेव्हा पर्सनलच्या साहेबांनी सरळ उत्तर दिलं. मशीन चालवतो तो ऑपरेटर, हातानं करते ती हेल्पर. ऐकायला सोपं वाटतं. पण हाताचे कोअर हेच तिथलं अवघड काम होतं. चार तुकडे जोडून होणारा गुंतागुंतीचा कोअर मशीनवर निघतच नव्हता, तो बायका करत. शिवाय ऑपरेटर चहाला गेला किंवा गैरहजर राहिला की मशीनही त्याच चालवत. ते मस्टरवर कुठेच नव्हतं.

अक्का तिथे सोळा वर्षं होत्या. पेंट वाळला का, हे त्या कोअरवर नखानं टिचकी मारून आवाजावरून सांगायच्या. कुठला कोअर कधी केला हे कळावं म्हणून खडूनं त्यावर तारखेची खूण करायची पद्धतही त्यांनीच पाडली होती. आधी केलेला आधी वापरायचा, एवढाच हेतू. सुपरवायझर साहेबांनी ती पद्धत उचलली, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ती दाखवली आणि शाबासकी मिळवली. ते वाईट गृहस्थ नव्हते. ती पद्धत कुणाची, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. शहरात राहणारे सुपरवायझर आणि बहुतेक ऑपरेटर नदीच्या पलीकडे अडकले. भट्टी बंद होती, पण शेडमध्ये तयार कोअर रचलेले होते आणि शटरखालून पाणी यायला लागलं होतं. अक्का आणि गावाकडच्या सहा बायका चालत आल्या. वॉचमनकडून किल्ली घेतली, कोअर वरच्या रॅकवर चढवले, रेझिनची वाळू ताडपत्रीखाली नेली. आमच्याकडच्या बायका बोलताना ‘करतो, जातो’ असंच म्हणतात. अक्कांनी मला ते असं सांगितलं: “कोण सांगंल मग करू, म्हणून थांबलो न्हाई. पाणी काय कुणाला इचारून येतंय? उचलाय लागलो.” मालकांनी सातजणींना एका दिवसाचा जादा पगार दिला. पुढच्याच वर्षी सुपरवायझरची जागा रिकामी झाली, तेव्हा हा दिवस कुणालाही आठवला नाही.

तीन अटी

जागेची नोटीस लागली. आयटीआय किंवा डिप्लोमा, मशीन ऑपरेटर म्हणून पाच वर्षांचा अनुभव, आणि तिन्ही पाळ्यांत फिरती ड्यूटी. कुठेही ‘फक्त पुरुष’ असं लिहिलेलं नव्हतं. तरी सव्वीसपैकी एकही बाई अर्ज करू शकत नव्हती.

मी या तीन अटींवर बरेच दिवस विचार केला. निवृत्त झालेले साहेब स्वतः नववी शिकलेले होते, म्हणजे डिप्लोमाची अट कामातून आलेली नव्हती. ऑपरेटरचा अनुभव मस्टरवर मोजायचा, आणि मस्टरनं तर बायकांना ऑपरेटर कधी म्हटलंच नव्हतं. सोळा वर्षांचं काम एका शब्दामुळे शून्य धरलं गेलं. तिसऱ्या अटीकडे पुढे येते, कारण खरी गाठ तिथे होती.

जागा आयटीआय झालेल्या एका तरुणाला मिळाली. मुलगा हुशार होता, पण कोअर शॉप नवं. त्या पावसाळ्यात रात्रपाळीत केलेले कोअर उघड्या शटरजवळ रचले जाऊ लागले. खडूच्या खुणा बंद पडल्या. ऑगस्टमध्ये ब्लोहोलमुळे लागोपाठ तीन लॉट परत आले. सोडियम सिलिकेटचा कोअर हवेतली ओल ओढतो, आणि कोल्हापूरचा ऑगस्ट म्हणजे नुसती ओल. अक्कांनी हे दोनदा सांगितलं होतं. हेल्परचं सांगणं वहीत नोंदवायची रीत नव्हती. दिवाळीनंतर तो मुलगा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत निघून गेला आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली.

८ मार्चचा बिल्ला

मालकांचे चिरंजीव नुकते कामात आले होते. त्यांना मनापासून काहीतरी बदलायचं होतं, याबद्दल मला शंका नाही. ८ मार्च २०२३ ला त्यांनी कार्यक्रम घेतला. सगळ्या बायकांना गुलाब आणि साडी दिली आणि अक्कांना ‘लेडीज इन्चार्ज’ म्हणून बिल्ला लावला. फोटो निघाले. मीही टाळ्या वाजवल्या. कागद मागायला हवा होता, तो मी मागितला नाही, ही माझी चूक.

कागद नव्हताच. पगार तोच, मस्टरवर ‘हेल्पर’ तसंच. ठेकेदाराच्या नोकरीतली बाई कंपनीच्या ऑपरेटरला काम कसं सांगणार, हेही कुणी ठरवलं नव्हतं. अक्का बायकांच्या हजेरीची वही ठेवायच्या, भांडणं मिटवायच्या, स्वच्छतागृहात पाणी नसलं तर ऑफिसला सांगायच्या. ओला कोअर दिसला तर बाजूला काढायच्या. पुरुष तो परत रांगेत ठेवायचे.

ऑगस्टमध्ये त्यांनी बिल्ला परत केला. त्या दिवशी मी समितीच्या बैठकीसाठी तिथेच होते. “म्याडम, इन्चार्ज म्हणायचं, आणि एक कोअर थांबवायचा झाला तर चार जणास्नी इचारून याय लागतंय. मग मी कसली इन्चार्ज? हेल्पर हुतो तवा निदान माझं काम तरी मला करू देत हुते.”

या वाक्यानंतरच काम खरं सुरू झालं. चिरंजीवांना ते लागलं. राग धरण्याऐवजी त्यांनी मला विचारलं, की आता काय करायचं.

मी त्यांना आपल्याच गावातली गोष्ट सांगितली. शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांना शिष्यवृत्ती देऊन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, इथल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, नेमलं आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. शतकाहूनही जुनी गोष्ट आहे ही. डॉक्टर बाईला लोक मानतील की नाही, याची वाट त्यांनी पाहिली नाही. आधी नेमणूक झाली. लोक मग मानायला लागले.

कायदा काय बघतो

समान वेतन कायदा १९७६ चा. आता तो वेतन संहितेत सामावला आहे, पण त्याचा गाभा तोच राहिला. काम तेच किंवा तशाच स्वरूपाचं असेल तर मोबदला समान, आणि तसंच आहे की नाही हे ठरवताना बघायचं ते कौशल्य, श्रम आणि जबाबदारी. मस्टरवरचं नाव बघायचं नाही. ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरनं मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध लढलेला खटला १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कंपनी म्हणत होती, की लेडी स्टेनोग्राफरचा वर्गच वेगळा आहे. न्यायालयानं तो वेगळेपणा मानला नाही, आणि परवडत नाही हे कारणही मानलं नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बढती, प्रशिक्षण, बदली यांतला भेदभावही त्याच्या कक्षेत आला. शिरोलीच्या कोअर शॉपला हे जसंच्या तसं लागू पडत होतं.

एक गोष्ट मला आधीपासून खुपत होती. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची स्त्री कर्मचारी असावी लागते. आम्ही ही समिती बसवली तेव्हा दीडशे माणसांच्या कारखान्यात ‘वरिष्ठ पदावरची स्त्री’ शोधायला अर्धा दिवस गेला. शेवटी हिशेब खात्यातल्या बाईंवर नाव आलं, आणि त्यांच्याही हाताखाली कुणी नव्हतं. समितीचा कागद पूर्ण झाला, पण कारखान्यात वर बायकाच नाहीत हे त्याच कागदानं दाखवून दिलं. छळाची तक्रार करायला बाई का कचरते, याचं निम्मं उत्तर मला त्या अर्ध्या दिवसात मिळालं.

परीक्षा

ऑक्टोबर २०२३ मध्ये कोअर शॉपमधल्या सगळ्यांची एकच प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायचं ठरलं, बायकांची आणि पुरुषांचीही. बाहेरच्या फाउंड्रीतले एक निवृत्त मेथड इंजिनिअर, म्हणजे ओतकामाची पद्धत ठरवणारे, परीक्षक म्हणून आले. एक हाताचा कोअर करायचा, एक मशीनवर काढायचा, मशीनची सेटिंग सांगायची, आणि टेबलावर मांडलेल्या दहा कोअरमधले बाद कोणते ते कारणासकट ओळखायचं. कोअरवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर.

पुरुषांनी आधी नकार दिला. “आमची परीक्षा कशाला? आम्ही ऑपरेटरच आहे की.” युनियनच्या प्रतिनिधीनं मध्यस्थी केली: परीक्षेमुळे कुणाचाही दर कमी होणार नाही, वाढू शकतो. ते लेखी दिलं, मग सगळे बसले.

बाद कोअर ओळखण्यात वरचे पाचही नंबर बायकांचे आले. मशीनच्या सेटिंगमध्ये पुरुष पुढे होते, साहजिकच, कारण बायकांना मशीन फक्त चहाच्या वेळात मिळायचं. तरीही सातजणी सगळ्या भागांत उत्तीर्ण झाल्या. नंबरांची यादी उघडली तेव्हा चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत.

या सातजणींना मस्टरवर ‘ऑपरेटर’ केलं आणि ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या रोलवर घेतलं. उरलेल्या बाराजणी ठेकेदाराकडेच राहिल्या. परीक्षा दर वर्षी होईल एवढंच ठरलं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. बाराही जणी तेच काम वर्षानुवर्षं करत होत्या, त्यांच्या दराचा प्रश्न परीक्षेवर टांगून ठेवणं हा मालकांचा फायदा होता.

रात्रपाळी कुणासाठी

आता तिसरी अट. पर्सनलचे साहेब सांगत, की फॅक्टरी कायद्याप्रमाणे बाईला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही. १९४८ च्या कायद्यातलं कलम ६६ तसं होतं. पण महाराष्ट्रानं २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती वाट मोकळी केली होती. आता केंद्राची नवी कामगार संहिताही बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीचं काम मान्य करते. म्हणजे कायद्याचं जे दार बंद आहे असं सांगितलं जात होतं, ते आठ वर्षं उघडं होतं.

पण मी वेगळाच प्रश्न विचारला. कोअर शॉपला रात्रपाळी हवीच कशाला? उत्तर शोधताना एक जुनी गोष्ट बाहेर आली. भट्टी रात्री चालते, कारण त्या वेळच्या वीजदरात रात्री दहा ते सकाळी सहा सवलत होती, आणि इंडक्शन फर्नेसला विजेचा खर्च हाच मोठा. भट्टी चालते म्हणून मोल्डिंग चालतं, आणि मोल्डिंग चालतं म्हणून कोअर शॉपही चालू ठेवायची सवय लागली. कोअर तर आदल्या दिवशी करून ठेवता येतात. शेल मशीनचे तास मोजले तेव्हा दोन पाळ्यांत सगळं भागत होतं, शिवाय पावसाळ्यात ओल धरणारे कोअर बहुतेक रात्रीचेच होते. कोअर शॉपची तिसरी पाळी जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ज्या अटीवर एका बाईची बढती अडली होती, ती अट कोअर शॉपच्या कामाची कधी नव्हतीच.

दुसरी पाळी मात्र तीन ते अकरा. तिथे बायकांना घ्यायचं तर गाडी हवी, कारण रात्री वडाप मिळत नाही. दारापर्यंत सोडणारी गाडी, शेडच्या मागच्या बाजूला दिवे, स्वच्छतागृह शेडला लागून, आणि कुणीही बाई पाळीत एकटी नको. हे सगळं मान्य झालं. मग पर्सनलकडून संमतीचा फॉर्म आला. खाली दोन सह्यांची जागा होती. एक कामगार स्त्रीची, दुसरी ‘पती / पालक’ यांची.

मी तो फॉर्म परत पाठवला. साहेब म्हणाले, घरचे नंतर गेटवर येऊन दंगा करतात. असेल. पण ऑपरेटर पुरुषाच्या फॉर्मवर त्याच्या बायकोची सही कुणी कधी मागितली होती? ज्या बाईच्या हाताखाली पुढे पंचवीस माणसं द्यायची, तिला स्वतःच्या सहीवर कामाला येता येत नाही असं त्याच कागदावर छापायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. दुसरी सही निघाली. घरच्यांना बोलवून गाडी आणि वेळा समजावून सांगितल्या, पण ती माहिती होती, परवानगी नव्हे. सातपैकी पाचजणींनी सह्या केल्या.

अक्का सुपरवायझर

नेमणुकीचं पत्र जानेवारीत निघालं. पद कोअर शॉप सुपरवायझर, आधीच्या तरुणाची जी वेतनश्रेणी होती तीच, आणि एक वाक्य मी आग्रहानं घालायला लावलं: ‘अयोग्य वाटणारा कोअर किंवा लॉट थांबवण्याचा अधिकार’. डिप्लोमाऐवजी परीक्षा आणि अनुभव धरला.

पहिले चार महिने जड गेले. तीन ऑपरेटरनी बदली मागितली. त्यातला सगळ्यांत कसबी माणूस गोकुळ शिरगावला दुसरीकडे गेला आणि त्याची उणीव वर्षभर जाणवली. कंपनीला हा खरा तोटा झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यानं उघड सांगितलं, की गावात लोक विचारतात, बाईच्या हाताखाली आहेस का. तो दोन महिन्यांनी परत आला, कारण मोल्डिंगमधली धूळ त्याला सोसेना. तिसरा गेला तो गेलाच.

एप्रिलमध्ये अक्कांनी एक अख्खा लॉट थांबवला. पेंट वाळलेला नव्हता, आणि डिस्पॅचची गाडी तर रात्री जायची होती. प्रॉडक्शन मॅनेजर चिडून शेडमध्ये आले. अक्कांनी पत्रातलं ते वाक्य बोट ठेवून दाखवलं. गाडी दुसऱ्या दिवशी गेली. त्या पावसाळ्यात कोअरच्या ओलीमुळे एकही लॉट परत आला नाही. खडूच्या खुणा परत आल्या, आणि आता त्या पद्धतीच्या कागदावर ती कुणी सुरू केली तेही लिहिलेलं आहे.

घरचं काय, हे मी विचारलं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात स्वयंपाक कोण करतं? “भाकऱ्या सकाळीच थापून ठेवतो की. पोरगं भात लावतंय आता.” भात तरी लागला म्हणायचा. पण दोन्हीकडचं ओझं अजून त्यांच्याच डोक्यावर आहे, आणि कारखान्यातल्या कुठल्याही कागदानं ते हलकं होत नाही. कारखान्याची सुट्टी सोमवारी, शाळेची रविवारी. पोरं घरी असतात त्या दिवशी आई कामावर असते.

परीक्षेत बायकांमध्ये पहिली आलेली मुलगी सत्तावीस वर्षांची होती. शेल मशीनचा तिला असा अंदाज होता, की परीक्षकांनी तिला दोनदा करून दाखवायला सांगितलं, दुसऱ्यांदा केवळ बघण्यासाठी. तिचं बाळ दीड वर्षाचं. सासूचं आजारपण निघालं, बाळ ठेवायला जागा नव्हती, आणि जून २०२४ मध्ये तिनं काम सोडलं. २०१७ पासून कायदा सांगतो, की स्त्री-पुरुष मिळून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि ती दुसऱ्यांबरोबर सामाईकही चालते. या कारखान्यात मात्र जुन्या फॅक्टरी कायद्यातला तीसहून जास्त स्त्री कामगारांचा आकडाच डोक्यात धरलेला होता, आणि बायका २८. अक्कांची नंतरची सुपरवायझर म्हणून मी तिच्याकडे बघत होते. शेजारच्या दोन कारखान्यांबरोबर सामाईक पाळणाघराची बोलणी तिच्या जाण्यानंतर सुरू झाली. जागा ठरली आहे, सांभाळणारी बाई कुणाच्या रोलवर ठेवायची यावर अडलं आहे.

गेल्या महिन्यात फिनिशिंगच्या सुपरवायझरची जागा निघाली. नोटिशीचा मसुदा माझ्याकडे सहज म्हणून आला. डिप्लोमाची अट नाही, प्रात्यक्षिक परीक्षा आहे. चौथ्या ओळीत मात्र पुन्हा तेच: ‘तिन्ही पाळ्यांत फिरती ड्यूटी आवश्यक’. फिनिशिंगला रात्रपाळी का लागते, हे विचारून मी मसुदा परत पाठवला आहे. अक्कांनीही त्यावर वेगळी टीप लिहिली आहे, रात्री फिनिशिंगमध्ये नेमकं किती काम होतं याच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदीसकट. बैठक पुढच्या बुधवारी आहे.